बंदी पत्त्याला की माणसाला?

नवापूरला बंदी म्हणजे काय हे कोणी शिकवायला नको. फेब्रुवारी २००६ मध्ये देशातला बर्ड फ्ल्यूचा पहिला उद्रेक इथल्या पोल्ट्री फार्मांवर निघाला. नकाशावर वर्तुळ काढले गेले आणि त्यात सापडलेली लाखो कोंबडी, आजारी कोणती आणि धडधाकट कोणती हे न बघता, मारून पुरली गेली. २०२१ मध्ये पुन्हा तेच. हळहळ झाली, माणसे कर्जात गेली. तरीही तो निर्णय चुकला असे म्हणणे कठीण आहे. साथ दारात आली की एकेक पक्षी तपासत बसायला वेळ नसतो.

हे आज आठवण्याचे कारण मात्र कोंबड्या नव्हेत, संगणक आहेत.

नगरपालिका, पतसंस्था, महाविद्यालय यांची संकेतस्थळे ज्या यंत्रावर असतात त्याला सर्व्हर म्हणतात. तो इंटरनेटला जोडला की थोड्याच वेळात कुठून कुठून दार ठोठावणे सुरू होते. त्याची नोंदवही उघडून पाहिली तर 'अ‍ॅडमिन', 'रूट' अशी ठरावीक नावे घेऊन पासवर्ड लावून पाहण्याचे शेकडो प्रयत्न दिसतात. हे उद्योग बहुतेक वेळा यंत्रेच करतात आणि यंत्राला नवापूर काय नि न्यूयॉर्क काय, सारखेच. 'आपल्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?' असे म्हणणाऱ्यांनी मे २०२५ आठवावा. भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या दिवसांत पंधरा लाख सायबर हल्ले झाल्याचे महाराष्ट्र सायबर विभागाने सांगितले. त्यांतले यशस्वी झाले ते सुमारे दीडशे, आणि त्या दीडशेत कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेचे संकेतस्थळ होते.

तेव्हा दाराला कडी हवीच. येणाऱ्या प्रत्येकाला एक आकडी पत्ता असतो, त्याला आय.पी. पत्ता म्हणतात. उपद्रवी पत्त्यांच्या याद्या जगभर तयार होतात. नको असलेल्या पत्रांचा मारा करणाऱ्यांची यादी ठेवणारी स्पॅमहाउस ही संस्था १९९८ पासून हे काम करते आहे. सर्व्हर सांभाळणारा अशी यादी आपल्या यंत्रात भरतो आणि त्यातल्या पत्त्यावरून कोणी आला की दार उघडत नाही. उपाय स्वस्त आहे, सोपा आहे आणि बहुतांशी कामाचाही आहे. माझा त्याला विरोध नाही.

पण पत्ता म्हणजे माणूस नव्हे. जुन्या पद्धतीचे हे पत्ते सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी. फेब्रुवारी २०११ मध्ये त्यांचा मध्यवर्ती साठा वाटून संपला. नव्या पद्धतीचे पत्ते मुबलक आहेत, पण जुने अजून सुटलेले नाहीत. म्हणून मोबाइल कंपन्या शेकडो गिऱ्हाइकांना एकाच जुन्या पत्त्यामागे उभे करतात. समजा, एखाद्या मुलाने फुकट सिनेमाच्या मोहाने भलतेच अ‍ॅप घेतले आणि त्याचा फोन या ठोठावणाऱ्यांच्या टोळीत सामील झाला. यादीत जातो तो सर्वांचा सामाईक पत्ता. मग शिष्यवृत्तीचा अर्ज भरणारी मुलगी अडते, सातबारा काढणारा शेतकरी अडतो. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ येते, कधी तीही येत नाही. माणसे म्हणतात, 'सर्व्हर डाउन आहे,' आणि पुन्हा भाडे खर्चून दुसऱ्या दिवशी येतात. शहरात घरोघरी केबलचे इंटरनेट घेणाऱ्याला निदान दुसरी वाट असते. ज्या तालुक्यात मोबाइल हेच सर्वांचे इंटरनेट, तिथे वर्तुळात निरोगीच अधिक सापडतात.

पत्त्यावरून गाव ओळखण्याची हौस तर आणखी फसवी. नवापूर स्टेशनच्या फलाटावरून दोन राज्यांची सीमा जाते, हे सर्वांना ठाऊक आहे. फोनचा पत्ता मात्र गिऱ्हाईक कुठे बसले आहे याऐवजी कंपनीची यंत्रणा ज्या शहरात आहे ते शहर दाखवू शकतो. तरीही प्रदेशच्या प्रदेश बंद करण्याची वेळ येते. मे २०२५ मध्येच मुंबईच्या दोन्ही शेअर बाजारांनी परदेशातून आपली संकेतस्थळे पाहण्यावर निर्बंध घातले होते. मात्र ते तात्पुरते असल्याचे सांगितले गेले होते.

'तात्पुरते' हा शब्द मला मोलाचा वाटतो. फेल-टू-बॅन नावाचे फुकट मिळणारे एक साधन जगभरचे सर्व्हर वापरतात. पाच वेळा पासवर्ड चुकला की ते पत्ता अडवते, आणि कोणी वेगळे सांगितले नाही तर दहा मिनिटांनी मोकळा करते. ज्यांनी ते रचले त्यांना कळले होते की आजचा चोर उद्या त्याच पत्त्यावर असेलच असे नाही. आपल्याकडे मात्र कंत्राटदार एकदा यादी भरतो, बिल काढतो आणि विसरतो. नवापूरच्या वर्तुळाला निदान जाहीर कारण होते, सरकारची भरपाई होती, शेड निर्जंतुक होऊन पुन्हा पिल्ले आणण्याचा दिवस होता. इथे अडवलेल्याला आपण अडवले गेलो हेच कळत नाही.

यादी रोज ताजी करावी, जुनी नावे मुदतीने गळावीत, आणि सामाईक पत्त्याला सरसकट दार लावण्याऐवजी आधी एखादा साधा प्रश्न विचारून माणूस की यंत्र हे पाहावे. आणि नकाराच्या पानावर मराठीत दोन ओळी असाव्यात: तुमचा पत्ता अडवला आहे, या क्रमांकावर फोन करा. त्यांना खर्च फारसा येत नाही. निविदेत मात्र त्या आधीच लिहून घ्याव्या लागतील, आणि तो फोन उचलायला कोणीतरी बसवावे लागेल.