विष ओळखण्याचा हक्क

२०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर विषबाधेने मृत्युमुखी पडले. शरीरात गेलेले विष नेमके कोणते, याचाच निर्णय होईना. रक्तातील कोलिनएस्टरेज तपासण्याची साधी सोयही तेथे नव्हती. मग अब्ज भागांत एक भाग इतके कीटकनाशक ओळखणारा मास स्पेक्ट्रोमीटर कोठून असणार?

हे तंत्र आपल्याला परके नाही. युरेनियमची समस्थानिके मोजण्यासाठी याच तत्त्वावरील यंत्रे तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने स्वतः बांधली. म्हणजे उणीव बुद्धीची नाही, अग्रक्रमाची आहे. २०२०-२१ मध्ये देशाने सर्व संशोधनावर मिळून राष्ट्रीय उत्पन्नाच्या अवघे ०.६४ टक्के खर्च केले. त्यात शेतमजुराच्या रक्ताचा वाटा किती असणार? कीटकनाशक कंपन्यांना मात्र प्रयोगशाळांची वानवा नसते.

विष सिद्ध होत नाही, तोवर भरपाईचा दावाही लंगडाच राहतो. म्हणूनच स्वदेशी, स्वस्त यंत्रांच्या संशोधनाला सार्वजनिक निधी आणि प्रत्येक जिल्ह्यात सरकारी विषपरीक्षण प्रयोगशाळा, ही मागणी चळवळीने किमान वेतनाइतक्याच आग्रहाने लढवली पाहिजे.