घर बांधण्याआधी खड्डा खणून बघा



या सदरात मी नेहमी बियाणे, खते आणि किडी यांबद्दल लिहितो. आज घराबद्दल लिहिणार आहे. त्याला कारण घडले ते असे.

गेल्या आठवड्यात हरभरा पाहायला एका गावी गेलो होतो. पीक पाहून झाले आणि चहासाठी आबांच्या घरी टेकलो. आबांचे घर जुने, माळवदाचे. परसात पाहतो तो फक्कीच्या रेघा आखलेल्या, दोन गडी चर खणत आहेत आणि मिस्त्री टेप घेऊन उभा. धाकट्या मुलाचे नवे घर उठणार होते. तीन खोल्या, पुढे पडवी, वर स्लॅब. सोयाबीनचे पैसे हाती आले होते, त्यामुळे घरात उत्साह होता.

चर तीन फूट झाला होता. मी सवयीने वाकून ढेकूळ उचलले. काळेभोर, चिकट, बोटाला सोडेना असे.

मिस्त्री म्हणाला, "बास झालं साहेब, उद्या पाया भरायला घेतो."

"खाली काय लागतंय?" मी विचारले.

"काळीच की. खाली काय सोनं लागतंय व्हय?"

सगळे हसले. मला मात्र हसू आले नाही. त्याचे कारण माझ्या स्वतःच्या घरात आहे.

शहाण्याच्या घराला भेगा

मी शेतीचा पदवीधर. काळी माती उन्हाळ्यात का भेगाळते आणि पावसाळ्यात का फुगते, हे मी परीक्षेत लिहिले आहे आणि पुढे तीस वर्षे तुम्हांला सांगत आलो आहे. या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि पाणी गेले की आकसते. कापसाला, तुरीला ती ओल धरून ठेवते म्हणून आपण तिला सोन्यासारखी म्हणतो. पण २००६ साली स्वतःचे घर बांधताना हे सगळे ज्ञान मी कचेरीत ठेवून आलो. तीन फुटांचा चर, काळ्या मातीतच भरलेला पाया, आणि जोत्याच्या आत भराव कसला, तर चरातून निघालेलीच काळी माती! मुरमाच्या चार खेपा वाचल्या म्हणून मी खूश होतो.

त्यावर आणखी शहाणपण केले. वाया जाणाऱ्या पाण्यावर परसबाग करा, असा माझा नेहमीचा उपदेश. म्हणून न्हाणीचे पाणी भिंतीलगतच्या केळीच्या आळ्यात सोडले. केळी झकास आली. दुसऱ्या पावसाळ्यात मधल्या खोलीचे दार अडकू लागले. तिसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघाली. केळीकडचा कोपरा बारा महिने ओला, म्हणून फुगलेला. पलीकडचा कोपरा वैशाखात वाळून खाली बसलेला. मधली भिंत बिचारी दोघांच्या ओढाताणीत तडकली. सिमेंटने भेग बुजवली, पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडली. पत्नी म्हणाली, "गावाला सांगायला जाता, जरा घरातही सांगत जा." यावर मी काय बोलणार?

शेवटी केळी काढली, पाणी नळीने दूर नेले, भिंतींभोवती उताराची फरशी केली. भेगा वाढायच्या थांबल्या, पण पाया काही बदलता आला नाही. घराचा रंग बदलता येतो, दार बदलता येते, एखादी खोली मागून जोडता येते. पाया मात्र एकदाच भरला जातो.

काळी आणि पांढरी

आपल्या जुन्या माणसांनी रानाला काळी म्हटले आणि गावाला पांढरी. पिकवायचे काळीत आणि राहायचे पांढरीत. त्यात मोठा अर्थ होता. आज पांढरीत जागा उरली नाही. भावाभावांत वाटण्या झाल्या, घरे गावठाणाबाहेर निघाली, कोणी रस्त्याकडेच्या रानात बांधतो, कोणी विहिरीजवळ. घर काळीत आले, पाया मात्र आपण पांढरीच्याच मापाने खणतो. चूक इथे होते.

म्हणून मिस्त्रीला बोलावण्याआधी जागेच्या दोन कोपऱ्यांत खड्डा खणून बघा. विहीर घेताना आपण पाणी पाहतो, मग घराची माती का पाहू नये? पाच-सहा फुटांत घट्ट मुरूम लागला, तर पाया त्या मुरमात अर्धा-एक फूट शिरवून तिथून वर आणा. एवढे खणूनही काळीच असेल, तर तो साध्या चराच्या पायाचा विषय राहिला नाही. रुरकी येथील केंद्रीय भवन संशोधन संस्थेने अशा मातीसाठी खालच्या टोकाला फुगीर कांद्यासारखे असणारे काँक्रीटचे खुंट काढले. ते साधारण साडेतीन मीटर खोल जातात. तिथे उन्हाळ्या-पावसाळ्याचा ओलाव्याचा फरक फारसा पोचत नाही. अशा वेळी इंजिनियरला विचारल्याशिवाय कुदळ मारू नका. त्याची फी भेगा बुजवण्याच्या खर्चापुढे काहीच नाही.

जोत्याच्या आत काळी माती मुळीच भरू नका. मुरूम अर्ध्या-अर्ध्या फुटाच्या थराने टाका, पाणी मारा, धुम्मस करा, मग पुढचा थर. घराभोवती तीन-चार फूट रुंद, बाहेरच्या बाजूला उताराची फरशी किंवा मुरमाची पट्टी करा. न्हाणीचे आणि पागोळीचे पाणी तिच्यापलीकडे गेले पाहिजे. परसबाग अवश्य करा, पण भिंतीला चिकटून नको. मोठे होणारे झाड, त्याची जितकी उंची होईल तितके तरी घरापासून लांब लावा, कारण मुळे उन्हाळ्यात पायाखालची ओल ओढतात.

माळवद ठेवावे की उतरवावे?

आबांना जुने घर मोडायचे नव्हते. "माज्या बापानं बांधलंय. उन्हाळ्यात मडक्यावाणी गार ऱ्हातंय," ते म्हणाले. ते खोटे नव्हते. पण मी त्यांना १९९३ सालची आठवण दिली.

त्या वर्षी ३० सप्टेंबरला पहाटे चारच्या सुमाराला किल्लारीचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणपतीचे विसर्जन होऊन माणसे दमून झोपली होती. लातूर आणि उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव, जिल्ह्यांत मिळून हजारो माणसे गेली. मी तेव्हा परभणीला शिकत होतो. आम्ही मुले मदतीला गेलो. दीड-दोन हात जाडीच्या दगडी भिंती मी तिथे उकललेल्या पाहिल्या. बाहेरचा पदर बाहेर, आतला आत. दगड गोटे आणि गारा चिखलात रचलेले, दोन्ही पदरांना आरपार सांधणारा दगड एकही नाही. वर माळवदाची माती. गळू नये म्हणून दर वर्षी मृगाआधी नवी माती टाकून टाकून तो थर फुगत गेलेला. ज्या छपराने पिढ्यान्‌पिढ्या गारवा दिला, तेच ओझे अंगावर आले.

म्हणून ज्यांना माळवद ठेवायचे आहे त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. वरची जादा माती उतरवून थर हलका करावा. वाळवीने खाल्लेल्या तुळया आणि खांब बदलावेत. भिंतींना जागोजाग आरपार सांधा द्यावा. तो कसा द्यायचा हे जाणत्या माणसाकडून करून घ्यावे. भिंत पोटाळली असेल, म्हणजे मध्ये फुगून बाहेर आली असेल, तर तिच्याखाली झोपू नये. मग माया आवरून ती उतरवावी.

नव्या घरातही हा धडा लागू आहे. जोत्यावर आणि दारे-खिडक्यांच्या वर सळया घालून काँक्रीटचा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरवा, कोपऱ्यात तोडू नका. पिंपाला जशी लोखंडी कडी, तसा घराला हा पट्टा. पत्र्याचे छप्पर करणार असाल, तर पत्रा वाऱ्याने उडू नये म्हणून त्याचे लोखंड भिंतीत पक्के अडकवा. नुसते दगड ठेवून भागत नाही. स्लॅब केला तर उन्हाळ्यापूर्वी गच्चीला पांढरा चुना मारा, आतली तलखी कमी होते.

सामान आणि पाणी

वीट विकत घेताना दोन विटा एकमेकींवर वाजवा, खणखणीत आवाज आला पाहिजे. नखाने ओरखडा उठता कामा नये. बांधण्याआधी विटा पाण्यात भिजवा. वाळूची परीक्षा सोपी आहे. काचेच्या बाटलीत वाळू आणि पाणी घालून हलवा आणि ठेवून द्या. वर गाळाचा जाड थर बसला, तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरू नका.

काँक्रीट सरसर पसरावे म्हणून गडी त्यात पाणी ओततात. पन्नास किलोच्या पोत्याला तीस लिटरपेक्षा जास्त पाणी नको, आणि वाळू ओली असेल तर तिचे पाणी त्यातच धरायचे. पाणी जास्त झाले की स्लॅब कच्चा राहतो. नंतर मात्र पाणी पाजायला कंजुषी नको. आजकालच्या बहुतेक सिमेंटमध्ये राख मिसळलेली असते, ते सावकाश पक्के होते. किमान दहा दिवस, जमल्यास चौदा दिवस स्लॅबवर वाफे पाडून पाणी उभे ठेवा. वाफे पाडणे तुम्हांला कोणी शिकवायला नको! यासाठीच घराचे काम दिवाळीनंतर सुरू करून उन्हाचा तडाखा वाढण्याआधी उरकावे. वैशाखात माणसांना प्यायला पाणी मिळत नाही, स्लॅबला कोठून आणणार?

पैशाचा हिशेब

घर पाहावे बांधून, असे उगाच म्हणत नाहीत. मिस्त्री सांगेल त्या आकड्यात चौथा हिस्सा वाढवून धरा. पुढच्या पेरणीचे बियाण्या-खताचे पैसे वेगळे काढून ठेवा, त्यांना हात लावू नका. पीककर्ज घरात घालू नका. घर उभे राहते आणि कर्ज थकते. जागा सामाईक असेल, तर आधी भावांच्या संमतीने वाटणी कागदावर आणा, ग्रामपंचायतीत नमुना ८ वर नाव पाहा आणि परवानगी घ्या. घर छोटे झाले म्हणून कमीपणा मानू नका. २०१६ साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजनेतही किमान घर २५ चौरस मीटरचेच धरले आहे. पाया आणि पट्टे पुढच्या खोल्यांचा विचार करून करा, खोल्या सवडीने वाढवा. गिलावा, रंग, पडवीचे नक्षीखांब यांची घाई नको.

आणि एक. स्वयंपाकघर कुठे, खिडकी कुठे, पाणी किती पावलांवर, हे घरातल्या बायकांना विचारल्याशिवाय आखणी करू नका. आबांच्या सुनेने माझ्यादेखत नवऱ्याला विचारले, "हौद तिकडं अन् चूल इकडं. दिवसातनं किती खेपा माज्या?" मिस्त्रीच्या टेपात ते माप नव्हते.

आता आबांच्या घराचे पुढे काय झाले ते सांगतो. त्याच दुपारी आम्ही एका कोपऱ्यात आणखी खणले. साडेपाच फुटांवर पिवळा मुरूम लागला. खर्चाची बेरीज झाली आणि मुलाचे तोंड उतरले. तीन खोल्या आता त्या पैशात बसत नव्हत्या. कोणी बोलेना. मग आबाच म्हणाले, "दोनच बांधा. अन् जुन्या घराची पडकी बाजू उतरवा. तिचं दगड पायाला घ्या. माज्या बापाचं दगड हायेत, खालीच बरं."

सून लगेच म्हणाली, "मग हौद कुठं?" सगळे पुन्हा हसले, आणि या वेळी मीही हसलो. दुसऱ्या दिवशी फक्कीच्या रेघा नव्याने आखल्या गेल्या.

तुमच्या घरीही यंदा कुदळ पडणार असेल, तर पहिला घाव दोन कोपऱ्यांतल्या खड्ड्यांवर पडू द्या.

पुढच्या आठवड्यात हरभऱ्यावरील घाटेअळीबद्दल लिहीन. तोवर सकाळी शिवारात फेरी मारताना कोवळे शेंडे आणि कळ्या बारकाईने पाहत जा.