जपलेले कागद

घर झाडताना जुने कागद चुलीत घालण्यापूर्वी वाचकांनी ही हकीकत ध्यानी घ्यावी, अशी आमची विनंती आहे. विल्यम शायरर हे अमेरिकेच्या आयोवा प्रांतात वाढलेले पत्रकार. १९३४ पासून ते बर्लिनहून हिटलरशाहीचे वृत्त देत. जे उघड सांगता येत नसे, ते रोजनिशीत लिहीत. १९४० च्या डिसेंबरात जर्मनी सोडताना त्यांनी रोजनिशी पेटीच्या तळाशी ठेवून वर सरकारी शिक्क्यांची नभोवाणीची टिपणे रचली. गुप्त पोलिसांनीच पेटीस मोहोर केली! १९४१ साली ती ग्रंथरूपाने निघाली. १९९३ मध्ये शायरर निवर्तले. ते ज्या को महाविद्यालयात शिकले, तेथेच त्यांचे कागदपत्र जपलेले आहेत. आपल्याही पेटीतील वडिलांची पत्रे आम्ही आधी वाचावीत, मगच काय ते ठरवावे.