लाडूचं पोट, आपले लाड

रात्रीचे साडेतीन. सकाळी दहाला क्लायंट मीटिंग आणि मी सोसायटीच्या गेटपाशी उभी. एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात जुना पेपर. पंधरवड्यातली ही सहावी रात्र! आमच्या लाडूचं पोट काही थाऱ्यावर येत नव्हतं. दोन दिवस बरं, की तिसऱ्या दिवशी पुन्हा पातळ. अठरा किलोचा गडी साडेपंधरावर आला, तेव्हा मात्र माझी तंतरली.

तोवर आम्ही काय केलं? तुम्ही कराल तेच. दर चार दिवसांनी डॉगफूडचा ब्रँड बदलला. बिचाऱ्याच्या आतड्यांना एका खाण्याची सवय होतेय न होतेय तोच दुसरं हजर. खरं तर नवं खाणं जुन्यात थोडं थोडं मिसळत सात ते दहा दिवसांत बदलायचं असतं.

डॉक्टरांनी आधी शी तपासायला सांगितली, तीही वेगवेगळ्या दिवसांची. जिआर्डियासारखा परजीवी एखाद्या नमुन्यात सापडतच नाही. तीन आठवड्यांच्या वर पोट बिघडलेलं असेल, तर ‘काहीतरी खाल्लं असेल’ म्हणून सोडून चालत नाही. जंत, स्वादुपिंड, लिव्हर, किडनी, सगळंच बघावं लागतं. लाडूचे रिपोर्ट क्लीन आले. मग डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, ‘दिवसभरात याला कोण काय देतं?’

फ्रिजवर कागद लावला. जो देईल त्याने लिहायचं. आठवड्याभरात अकरा पदार्थ! सासूबाईंची तूप-पोळी. नवऱ्याच्या सँडविचमधलं चीज. वॉचमनकाकांची ग्लुकोज बिस्किटं. मावशींच्या चहातली खारी. वाटीभर दूध. प्रत्येकाचं म्हणणं एकच, ‘एवढंसंच तर दिलं!’ आणि सगळ्यात लांब यादी कोणाची? माझी. ऑफिसातून रात्री नऊला घरी येणारी मी, उशिराचं ‘सॉरी’ रोज ट्रीटच्या पाकिटातून काढून देत होते.

मग घरात नवा कायदा आला. डॉक्टरांनी सांगितलं तसं कातडी-हाडं काढून उकडलेलं चिकन आणि मऊ भात, दिवसातून चार वेळा थोडं थोडं. मीठ नाही, तेल-मसाला नाही. कांदा-लसूण तर अजिबात नाही, कुत्र्याला ते विषारीच. पाणी सतत समोर. आपल्या औषधाच्या डब्यातली जुलाबाची गोळी मनाने द्यायची नाही. हा चिकन-भातही थोड्या दिवसांपुरताच, कारण त्यात कॅल्शियम वगैरे पुरेसं नसतं. पोट सावरलं की डॉक्टरांनी ठरवून दिलेलं एकच फूड, हळूहळू. बाकी कोणाचा एक घासही नाही. नाहीतर नक्की काय बाधतंय ते कळणार कसं?

सगळ्यात जड गेलं सासूबाईंना. पहिल्याच दुपारी लाडू त्यांच्या ताटाजवळ येऊन शेपूट आपटत बसला. ‘अगं, उपाशी मारणार का त्याला?’ त्यांच्या डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, ‘आई, द्या. फक्त कागदावर लिहा.’ त्यांनी पेन उचललं, क्षणभर थांबल्या आणि पोळी परत डब्यात ठेवली.

दहाव्या दिवशी सकाळी, घट्ट! ही आनंदवार्ता मी नवऱ्याला ऑफिसच्या भरलेल्या लिफ्टमधून फोनवर दिली. लोकांनी कसं बघितलं ते विचारू नका. महिन्याभरात लाडू सतरा किलोवर आला.

आता उशीर झाला तर ट्रीट नाही. बूट न काढताच त्याला वीस मिनिटं फिरवून आणते. बहुतेक त्याला आधीपासून हेच हवं होतं.

आणि हो, जुलाबात रक्त दिसलं, शी डांबरासारखी काळी झाली, उलट्या थांबेनात किंवा पिल्लू मलूल पडलं, तर कागद-बिगद लावत बसू नका. मीटिंग गेली खड्ड्यात, त्याच दिवशी डॉक्टर गाठा!