नामसाम्य आणि गुणभेद

बदलापूरच्या एका वाचकभगिनीनें विचारलें आहे कीं, मुलाच्या रसायनशास्त्राच्या पुस्तकांत ‘हायड्रोजन’ व ‘हायड्रॉक्साइड’ हे शब्द शेजारीं शेजारीं येतात; तीं एकाच वस्तूचीं दोन रूपें समजावीं काय? शंका लहान दिसली तरी तिचें उत्तर स्वयंपाकघरापर्यंत पोहोंचणारें आहे. म्हणून या महिन्यांत तोच विषय घेतला आहे.

प्रथम नांवें पाहूं. लव्हाझिए व त्याचे सहकारी यांनीं १७८७ सालीं रसायनशास्त्राची नवी परिभाषा प्रसिद्ध केली. तींत ‘हायड्रोजन’, म्हणजे जलास जन्म देणारा, हें नांव आलें. त्यांतील ग्रीक ‘हुदोर’ हा आपल्या ‘उदका’चा आणि ‘जेन्’ हा आपल्या ‘जन्’ धातूचा सगोत्र होय. हायड्रोजन हें मूलद्रव्य आहे; सर्वांत हलका आणि चटकन् पेटणारा असा हा वायु. हायड्रॉक्साइड हें मात्र मूलद्रव्य नव्हे. ऑक्सिजन व हायड्रोजन यांचा एकेक अणु जोडला जाऊन जिनें एक ऋण विद्युद्भार घेतला आहे, अशी ती जोडी होय. ती एकटी कुपींत भरून ठेवितां येत नाहीं. तिला धनभाराचा सोबती लागतो. सोबती सोडियम असला तर कॉस्टिक सोडा, कॅल्शियम असला तर आपला पानाचा चुना.

हायड्रोजनचा अणु आपला एकुलता एक इलेक्ट्रॉन गमावतो, तेव्हां त्याचा धनभारित कण होतो. पाण्यांत हे कण वाढले कीं तें आम्ल होतें. हायड्रॉक्साइड वाढलें कीं क्षारधर्मी. दोघे समप्रमाणांत भेटले म्हणजे पुन्हां पाणी होतें आणि उष्णता निघते.

हा भेद आपल्या भागांत मोठ्या प्रमाणावर उपयोगी पडतो. उल्हासनगरास लागून शहाड येथें सेंच्युरी रेयॉनचा कारखाना १९५६ सालीं सुरू झाला. अशा सुतासाठीं लाकडाचा लगदा आधीं कॉस्टिक सोड्यांत भिजवावा लागतो. हा सोडा मिठाच्या पाण्यांतून विद्युत्प्रवाह नेऊन करितात. ऋणाग्रापाशीं पाण्याचा रेणु फुटतो. हायड्रोजन बुडबुड्यांनीं वर निघून जातो, आणि हायड्रॉक्साइड द्रवांतच राहून सोडियमशीं संगत करतें. निघालीं दोघें एकाच घरांतून, पण वाटा निराळ्या!

आतां घराकडे वळूं. तुंबलेली मोरी मोकळी करण्याची जी पूड बाजारांत मिळते, तींत बहुधा कॉस्टिक सोडाच असतो. ती ॲल्युमिनियमच्या भांड्यांत कदापि कालवूं नये. हायड्रॉक्साइड त्या धातूस खाऊं लागतें आणि भांड्यांतून हायड्रोजन सुटतो. जवळ शेगडी असेल तर तो पेट घेईल. सोडा पाण्यांत थोडाथोडा सोडावा, सोड्यावर पाणी ओतूं नये. कारण तो विरघळतांना फार तापतो व उसळून अंगावर येतो.

याहून जपावयाची वस्तु म्हणजे चुन्याची पुडी. मूल ती खेळतां खेळतां दाबतें आणि चुना डोळ्यांत उडतो. सुश्रुतसंहितेंत मृदु, मध्यम व तीक्ष्ण असे क्षाराचे भेद सांगून आम्लानें तो शमतो असेंही म्हटलें आहे, आणि तें तत्त्व शास्त्रशुद्ध आहे. परंतु तेवढ्यावरून डोळ्यांत लिंबू किंवा व्हिनेगर घालणें हा अविचार होय. आम्ल स्वतः इजा करतें, शिवाय दोघांच्या भेटींतील उष्णता डोळ्यासच सोसावी लागते. हायड्रॉक्साइड पेशींतील स्निग्धांशाचा साबण करीत आंत शिरतें. म्हणून एक क्षणही न दवडतां स्वच्छ वाहत्या पाण्यानें निदान वीस मिनिटें डोळा धुवावा, पापणीखालचे कण निघूं द्यावे आणि लागलीच नेत्रवैद्याकडे जावें. अंबरनाथ-बदलापूरच्या कारखान्यांतून जाणाऱ्या आपल्या मुलांनींही हाच नियम ध्यानांत ठेवावा.

तेव्हां भगिनींनीं चिरंजीवांस इतकेंच सांगावें: हायड्रोजन हा एकटा राहूं शकतो, हायड्रॉक्साइडाच्या पोटीं तो ऑक्सिजनशीं बांधलेला असतो; आणि संगत पालटली कीं स्वभावही पालटतो. परीक्षेंत या उत्तरास गुण मिळतील; घरांत त्यानें एखादा डोळा वांचेल.