झाडालाही नावानं ओळखू या!

मेथीच्या जुडीत अळी असली तर आपल्याला ती भाजीवालीच्या टोपलीपाशीच दिसते. तांदळातले पोरकिडे, जास्वंदीच्या कळ्यांवरचा पांढरा कापूस, काही म्हणून आपल्या नजरेतून सुटत नाही. पण हीच नजर रस्त्यावरच्या झाडाकडे का वळत नाही? ‘ते मोठ्ठं, पिवळ्या फुलांचं’ एवढीच आपली ओळख!

पिवळी फुलं झुंबरासारखी लोंबत असतील आणि शेंगा नळीसारख्या लांब असतील, तर तो बहावा. तुरे वर उभे आणि शेंगा चपट्या, तांबूस असतील, तर तो सोनमोहर. जांभळी फुलं तामणाची, म्हणजे आपल्या राज्यफुलाची. आणि छत्रीसारखा पसरलेला, गुलाबी गोंड्यांचा, संध्याकाळ झाली की पानं मिटून घेणारा तो रेन ट्री, आपला पर्जन्यवृक्ष. मूळचा अमेरिकेतल्या उष्ण प्रदेशातला. पण मुंबईच्या उपनगरांतल्या कितीतरी रस्त्यांना सावली आहे ती त्याचीच.

या सावलीला कीड लागली, म्हणून हा लेखनप्रपंच. २०१० नंतरच्या दशकात उपनगरांतले अनेक रेन ट्री उभ्याउभ्या वाळले. कारण होतं पिठ्या ढेकूण, म्हणजेच मिलीबग. जास्वंदीवरच्या पांढऱ्या कापसाचाच हा भाऊबंद. हा किडा फांदीतला रस शोषतो आणि चिकट गोड पाणी टाकतो. त्या पाण्यावर काळी बुरशी धरते. गोडाला मुंग्या येतात आणि या किड्यांची राखणच करतात! किड्याच्या अंगावर मेणाचा थर असल्यानं औषधाचं पाणी सहज लागत नाही. बाल्कनीतल्या कुंडीत साबणाच्या पाण्यात कडुनिंबाचं तेल मिसळून फवारता येतं, पण चार मजली झाडाला कोण आणि कसं फवारणार?

म्हणूनच वेळेवर ओळखणं महत्त्वाचं. झाडाखालची गाडी चिकट होतेय का? पानं काळवंडलीत का? खोडावर मुंग्यांची रांग आहे का? कोवळ्या फांद्यांवर पीठ सांडल्यासारखं दिसतंय का? तेव्हाच तक्रार केली तर किडक्या फांद्या काढून नष्ट करता येतात. उशीर झाला की उरते फक्त कुऱ्हाड. तोवर वाळलेली फांदी पावसात कुणाच्या डोक्यावर पडेल, सांगता येत नाही. त्या खालून शाळेत जाणारी मुलं आपलीच असतात ना?

मात्र किडा दिसला की मारा, असंही नको. बहाव्याची पानं खाणाऱ्या हिरव्या अळ्यांची पुढे फुलपाखरं होतात आणि झाडाला पुन्हा पालवी फुटते. क्रिप्टोलिमस नावाच्या भुंगेऱ्याची अळी तर हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी पांढरी दिसते, पण ती त्या ढेकणांनाच खाते! पपईचंच घ्या. तिच्यावरचा पिठ्या ढेकूण २००८ मध्ये कोइमतूरला दिसला आणि मग महाराष्ट्रातही आला. त्याला आवर घातला तो २०१० मध्ये परदेशातून आणलेल्या एका इवल्याशा गांधीलमाशीनं.

माझं स्पष्ट मत आहे, की दोष एकट्या किड्याचा नाही. बुंध्याला अगदी चिकटून काँक्रीट ओतायचं, मुळांना ना पाणी ना हवा, वर खोडात खिळे ठोकून पाट्या लावायच्या. असं अशक्त झालेलं झाड किडीला काय तोंड देणार? आजारी माणसाला आपण आधी खायला-प्यायला देतो, मग औषध. झाडाच्या वाट्याला मात्र एकदम तोडणीची नोटीसच येते.

हे दुखणं फक्त मुंबईचं, असं समजू नका. तुमच्या एस.टी. स्टँडसमोर, शाळेच्या मैदानात हीच झाडं आहेत. १९७५ चा वृक्षसंरक्षण कायदा नगरपालिकांनाही लागू आहे. परवानगीवाचून झाड तोडता येत नाही. तेव्हा भिशीच्या किंवा बचत गटाच्या बैठकीत एकदा गल्लीतल्या झाडांची यादी करा. नाव, जागा, तब्येत, एवढंच लिहा. बुंध्याभोवती हातभर माती मोकळी ठेवा म्हणून पालिकेला अर्ज द्या, आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका. ‘एक झाड आजारी आहे’ म्हटलं तर साहेब ऐकून घेतात आणि विसरतात. ‘शाळेसमोरच्या रेन ट्रीला मिलीबग लागलाय’ म्हटलं की कुणाला तरी येऊन बघावंच लागतं!