कृत्रिम जोडीदार : आवड की नाइलाज?

डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात मुंडावळ्या बांधलेले तरुण घोड्यांवर बसून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. ‘लग्नाला मुली मिळत नाहीत’ ही त्यांची तक्रार होती. भोर आणि वेल्हे (आता राजगड) तालुक्यांतील डोंगरी गावांनाही ती परकी नाही. थोडी भातशेती आणि शिरवळ किंवा पुण्यातील कंपनीत कंत्राटी काम एवढ्यावर स्थळ जुळणे अवघड असते.

२००१च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९१३ मुली होत्या. २०११मध्ये त्या ८९४ झाल्या. २००१ची ती बालके आज लग्नाच्या वयात आहेत. ‘तरुण खऱ्या जोडीदाराऐवजी कृत्रिम जोडीदार निवडतात’ अशी चर्चा जगभर सुरू असताना हे आकडे विसरता येत नाहीत. निवड करायला किमान दोन पर्याय लागतात. रात्रपाळी संपवून भाड्याच्या खोलीवर परतणाऱ्या तरुणाच्या हाती अनेकदा फक्त मोबाइल असतो.

‘रेप्लिका’सारख्या अ‍ॅपवर जोडीदाराचे नाव, रूप, स्वभाव ठरवता येतो. तो कधी कंटाळत नाही, रुसत नाही, पगार विचारत नाही. यंत्रात जीव गुंतणे नवे नाही. १९६६मध्ये जोसेफ वायझेनबॉम यांनी तयार केलेला ‘एलायझा’ हा प्रोग्रॅम बोलणाऱ्याचेच वाक्य प्रश्न करून परत देत असे. तरी लोक त्याच्यापुढे मन मोकळे करू लागले.

याचा परिणाम काय होतो? एमआयटी आणि ओपनएआय यांच्या संशोधकांनी सुमारे हजार जणांचा चॅटबॉटचा वापर चार आठवडे तपासला. २०२५मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, रोज जास्त वेळ बोलणाऱ्यांमध्ये एकटेपणा आणि चॅटबॉटवरचे अवलंबन जास्त होते, माणसांत मिसळणे कमी होते. वापरामुळे एकटेपणा वाढला की एकटी माणसेच जास्त वापरतात, हे त्यातून पुरते ठरत नाही.

मानसशास्त्रज्ञ जॉन कॅसिओपो एकटेपणाची तुलना भुकेशी करत. भूक अन्नाकडे नेते, तसा एकटेपणा माणसांकडे ढकलतो. चॅटबॉटचे काम इथे चहासारखे होते : भूक मरते, पोट भरत नाही. शिवाय नकार पचवणे, माघार घेणे, दुसऱ्याचे ऐकणे हे सवयीने येते. सदैव ‘हो’ म्हणणाऱ्या सोबत्यापाशी ती सवय लागत नाही.

म्हणून अशा तरुणाची थट्टा करू नये, मोबाइलही हिसकावू नये. झोप उडाली, कामावर खाडे होऊ लागले, मित्र, तालीम, भजनी मंडळ सुटले, तर घरच्यांनी बोलते व्हावे. ‘टेली-मानस’च्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीत मोफत समुपदेशन मिळते. पण हा केवळ मनाचा आजार मानून चालणार नाही. मुलीचा जन्म नाकारणारी घरे आणि गावाजवळ पक्की नोकरी नसणे, ही त्याची मुळे मोबाइलच्या बाहेर आहेत.